ठाण्यातल्या गणेशोत्सव मंडळांना खुलं पत्र: यंदा विमानाखालचा माणूसही दाखवा

ठाणे शहरातील सर्व सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, कार्यकर्ते आणि देखावे करणारे कलाकार यांना सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आलेत. पावतीपुस्तकं छापून आली असतील, मंडपाच्या परवानगीसाठी महापालिकेत खेपा सुरू झाल्या असतील आणि यंदा देखावा कसला करायचा यावर रात्री उशिरापर्यंत बैठका रंगत असतील. प्लायवूड कापलं गेलं की मग कुणाचं ऐकून काही बदलता येत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो आहे.

मी कळव्यात राहतो. मूळचा साताऱ्याकडचा. तोफखान्यात २४ वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झालो. माझं काम ओपीवर, म्हणजे निरीक्षण चौकीवर, रेडिओ सेट सांभाळायचं. ओपीवरचा अधिकारी दुर्बिणीतून शत्रू पाहतो, त्याचं ठिकाण नकाशावर काढतो आणि ते मागे तोफांपर्यंत पोहोचवायचं काम माझ्यासारख्या ऑपरेटरचं. तोफा आमच्या मागे काही किलोमीटरवर असतात. त्यांना शत्रू दिसत नाही, आमचा आवाज तेवढा ऐकू येतो.

ऑपरेशन सिंदूरनंतरच्या गणपतीत ठिकठिकाणी हवाई दलाचे देखावे झाले. अभिमानाची गोष्ट होती. मी त्यातले पाच-सहा तरी पाहिले. त्यातल्या एका मंडळाने मात्र कारगिल युद्धातला टायगर हिल केला होता. कापडाचा उंच डोंगर, वर कापसाचा बर्फ, तारेवरून सरकत येणारं विमान, मग स्फोटाचा आवाज आणि लाल दिवे. निवेदन सुरू होतं: आपल्या विमानांनी शत्रूचा खात्मा केला आणि टायगर हिल आपला झाला. डोंगराच्या अंगावर, जिथे लाल दिवे लागत होते तिथून वीतभर अंतरावर, आपल्या जवानांचे पुतळे हात उंचावून उभे होते. लोक टाळ्या वाजवत होते. तिथल्या एका कार्यकर्त्याला माझी नोकरी माहीत होती. त्याने मोठ्या आशेने विचारलं, "काका, कसं झालंय?" मी "छान झालंय" म्हणालो आणि घरी आलो. पोरांनी पंधरा-वीस रात्री जागून केलेलं काम होतं, तिथे तोंडावर बोलवेना. पण ते "छान" मला तेव्हापासून टोचतं आहे. त्याला द्यायचं खरं उत्तर इथे लिहितो.

त्या वीतभर अंतराबद्दल आधी. मोठा बॉम्ब पडतो तेव्हा त्याच्या तुकड्यांचा धोका शेकडो मीटरपर्यंत असतो. आपले जवान शत्रूपासून शंभर-दोनशे मीटरवर पोहोचले की विमानाची मदत घेणं म्हणजे स्वतःच्या माणसांवर मरण ओढवून घेण्यासारखं होऊ शकतं. आणि तरी कधीकधी तीच मदत मागावी लागते. पायदळाला विमानाची साथ द्यायची यातली सगळी अवघड गोष्ट या अंतरातच आहे. विमान ताशी ९०० किलोमीटर वेगाने येत असेल, तर एका सेकंदात २५० मीटर जातं. वैमानिकाने डोळ्याची पापणी लववली तेवढ्यात आपली खंदकं मागे पडून शत्रूची आलेली असतात, किंवा उलट. वरून सगळी माणसं सारखी दिसतात. बहुतेक वेळा तर दिसतच नाहीत.

मग वैमानिकाला सांगतो कोण? खाली जमिनीवर, पायदळाबरोबर, एक माणूस असतो. त्याला एफएसी म्हणतात, फॉरवर्ड एअर कंट्रोलर. आपल्याकडे तो बहुधा हवाई दलाचाच वैमानिक असतो. स्वतः विमान उडवलेलं असल्यामुळे वरच्याला काय दिसत असेल हे त्याला कळतं. काही काळ तो धूळ खात, आमच्याच पंगतीत जेवत, सेट घेऊन लष्कराबरोबर फिरतो. तसाच लष्कराचा एक अधिकारी हवाई दलाच्या तळावर बसलेला असतो. उड्डाणाआधी तो वैमानिकांना समजावतो की आज आपली पलटण कुठवर पुढे गेली आहे आणि कुठल्या रेषेच्या अलीकडे काहीही टाकायचं नाही. ही दोन माणसं एकाही देखाव्यात मी आजवर पाहिली नाहीत.

एक प्रसंग सांगतो. माझ्या नोकरीतला आहे आणि चूक माझीच आहे.

राजस्थानात फायरिंग रेंजवर सराव होता. समोर लक्ष्य म्हणून जुन्या गाड्यांचे सांगाडे मांडलेले. आम्ही एका टेकाडावर ओपी लावलेली, एफएसी साहेब शेजारच्या टेकाडावर. मिग-२७ विमानं येणार होती. लक्ष्याचं ठिकाण आमच्याकडून त्यांना द्यायचं होतं, नकाशावरचे सहा आकडे. वारा इतका की हेडफोनमध्ये वाळू सळसळत होती. मी आकडे वाचले आणि त्यात "चार सात"च्या जागी "सात चार" म्हणून गेलो. नेमाप्रमाणे साहेबांनी तेच आकडे परत वाचून दाखवले. माझ्या बाजूला नकाशाचा बोर्ड मांडीवर घेऊन बसलेला आमचा टेक्निकल असिस्टंट मान वर न करता म्हणाला, "चूक आहे. परत दे." मी दुरुस्त करून दिले. नंतर त्याने पेन्सिलीने माझे उलटे आकडे बोर्डवर लावून दाखवले. फरक २,७०० मीटरचा निघाला. त्या ठिकाणी आमच्याबरोबर सरावाला आलेल्या पायदळाच्या गाड्या आणि लंगरचा, म्हणजे स्वयंपाकाचा, तंबू होता.

सराव होता, बॉम्बही सरावाचेच होते, आणि वैमानिकाने प्रत्यक्षात तिथे काही टाकलं असतं असंही नाही. आणखी दोन-तीन चाळण्या असतात. पण त्या रात्री लंगरमध्ये ताट घेऊन बसलो तेव्हा घास उतरेना. मला वाढणारा लांगरी त्याच तंबूतला होता.

आकड्यांवर काम संपत नाही, हेही त्याच दिवशी नीट पाहिलं. विमान जवळ आलं की एफएसी वैमानिकाला बोलत बोलत लक्ष्यावर आणतो. आधी मोठी खूण, मग लहान. डावीकडे कोरड्या नाल्याचं वळण दिसतं का? दिसतं. वळणापासून उत्तरेला एकटं झाड? दिसतं. झाडापासून पुढे तेवढंच अंतर जा, तीन काळे ठिपके, मधला तुझा. याच्या थोडं आधी आमच्या तोफांनी लक्ष्याजवळ धुराचा गोळा टाकलेला असतो, म्हणजे वैमानिकाला पांढरा धूर खुणेला मिळतो. आणि विमान येण्याच्या वेळेला तोफा थांबवाव्या लागतात, नाहीतर आपलाच गोळा हवेत आपल्याच विमानाच्या वाटेत. थांबवायच्या तेही नेमक्या क्षणी, कारण आधी थांबलो तर शत्रूचे विमानविरोधी तोफांवरचे लोक डोकं वर काढतात. आपल्या पुढच्या जवानांनी जमिनीवर भडक नारंगी कापडाच्या पट्ट्या अंथरलेल्या असतात, वरच्याला कळावं की इथपर्यंत आपण आहोत. एवढं सगळं जुळलं की विमान चार-पाच सेकंद लक्ष्यावर दिसतं. आपल्या देखाव्यात दिसतात ती हीच चार-पाच सेकंदं.

आता टायगर हिल. कारगिलच्या वेळी माझी रेजिमेंट राजस्थानच्या सीमेवर होती, त्यामुळे हे पाहिलेलं नाही, पण तारखा प्रत्येकाने तपासून पाहाव्यात अशा आहेत. हवाई दलाचं ऑपरेशन सफेद सागर २६ मे १९९९ रोजी सुरू झालं. तेव्हा हवाई दलप्रमुख होते अनिल यशवंत टिपणीस. दुसऱ्याच दिवशी, २७ मे रोजी, फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चं इंजिन बंद पडलं आणि ते शत्रूच्या हाती सापडले. त्यांचा ठावठिकाणा शोधण्यासाठी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा तिथेच घिरट्या घालत राहिले, परत फिरले नाहीत. त्यांचं मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडलं आणि ते हुतात्मा झाले. २८ मे रोजी तोलोलिंग शिखराजवळ एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं, आतले चौघेही गेले. तीन दिवसांत ही किंमत मोजावी लागली. खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं घेऊन शत्रू शिखरांवर बसला होता आणि त्या उंचीवर विरळ हवेत हेलिकॉप्टर जड होतं, सावकाश चालतं.

त्यानंतर हवाई दलाने पद्धत बदलली. हेलिकॉप्टरं हल्ल्यातून काढली, विमानं क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर उंचावरून मारा करू लागली. त्याचा तोटा असा की उंचावरून, पातळ हवेतून टाकलेला साधा बॉम्ब ठरल्या ठिकाणी पडत नाही, आणि डोंगराच्या सुळक्यावर थोडं चुकलं की बॉम्ब पलीकडच्या दरीत. मग मिराज-२००० ला लेझरने लक्ष्य दाखवणारी यंत्रणा बसवून आणली. १७ जून रोजी मुंथो ढालो इथला शत्रूचा रसदीचा तळ उद्ध्वस्त झाला. २४ जून रोजी टायगर हिलवरच्या बंकरांवर लेझर बॉम्ब पडले. हे सगळं नियंत्रण रेषा न ओलांडता करायचं होतं, ते बंधन सरकारने शेवटपर्यंत ठेवलं.

२४ जूनला बॉम्ब पडले आणि आपले जवान शिखरावर पोहोचले ४ जुलैच्या पहाटे. मधले दहा दिवस तुमच्या देखाव्यात नाहीत. बंकर फुटला, शत्रूची रसद तुटली, पण दगडाच्या कपारीत बसलेली माणसं तिथेच होती. १८ ग्रेनेडियर्स पलटणीचे जवान रात्रीच्या अंधारात दोर लावून कडा चढले, ८ शीखचे जवान त्यांच्या जोडीला, आणि खालून आमच्या बोफोर्स तोफांचा मारा. विमानांनी केलं ते केलंच. त्यांच्यामुळे किती जवान जिवंत परतले असतील याची मोजदाद करता येणार नाही. पण "विमानांनी टायगर हिल घेतला" हे वाक्य खरं नाही, आणि ते त्या चढणाऱ्या पोरांवर अन्याय करतं. वैमानिकांनाही ते आवडणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

कुणाला रणगाड्यांचा देखावा करायचा असेल तर राजस्थानच्या सीमेवरचं लोंगेवाला घ्या. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, २३ पंजाबची एक कंपनी, सुमारे १२० जवान, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी. समोर पाकिस्तानचे रणगाडे आणि त्यांच्यामागे पायदळाची ब्रिगेड. जैसलमेरला हंटर विमानं उभी होती, पण त्यांत रात्री लढण्याची सोय नव्हती. उजाडेपर्यंत खाली असलेल्या माणसांनी जीपवरच्या तोफा आणि सुरुंगांवर ठाणं धरून ठेवायचं होतं, आणि त्यांनी ते धरलं. ती रात्र धरली नसती तर सकाळी विमानांनी वाचवायला तिथे कुणी उरलं नसतं. उजाडल्यावर हंटरनी रॉकेट आणि ३० मिलिमीटरच्या तोफांनी रणगाडे टिपायला सुरुवात केली. उघड्या वाळूत रणगाडे गोल गोल पळत होते. त्यांच्या पट्ट्यांच्या खुणांचे वरून काढलेले फोटो तुम्ही पाहिले असतील.

या लढाईतलं माझं सगळ्यात आवडतं पात्र मात्र तिसरंच आहे: कृषक नावाचं लहानसं विमान. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेलं, पंख्याचं, ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेग. ते मेजर आत्मासिंग उडवत होते. हंटरच्या वैमानिकांना कुठे वळायचं, कुठला रणगाडा अजून जिवंत आहे, हे ते वरून सांगत होते. त्या काळी ही एअर ओपीची, म्हणजे हवेतून निरीक्षण करणारी, विमानं आमच्या तोफखान्याचाच भाग होती, त्यामुळे मला जरा जास्त अभिमान, हे कबूल करतो. पण विचार करा, वेगवान विमानं येत-जात आहेत, खालून गोळ्या सुटत आहेत आणि हा माणूस त्या चिमुकल्या विमानात तिथेच फिरतो आहे. हा देखावा करणं किती सोपं आहे! वाळू, रणगाडे, आणि तारेवर एक छोटं विमान सावकाश फिरणारं.

जमिनीवरचं सैन्य आणि विमानं यांचा सांधा जुळला नाही तर काय होतं, तेही आपल्या इतिहासात आहे आणि त्यात एक मराठी माणूस आहे. १९६२ च्या युद्धात आपण लढाऊ विमानं वापरलीच नाहीत, फक्त वाहतुकीची विमानं आणि हेलिकॉप्टरं उडाली. त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं आपण म्हणतो तेव्हाच. १ सप्टेंबर १९६५ रोजी जम्मूकडच्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. लष्करप्रमुख जनरल चौधुरी यांनी हवाई दलाची मदत मागितली, हवाई दलप्रमुख अर्जनसिंग बरोबर होते, आणि यशवंतरावांनी तिथल्या तिथे निर्णय दिला. त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. निर्णय धाडसी होता आणि योग्य होता. पण जमिनीवरचं सैन्य आणि वरची विमानं यांच्यात नीट संपर्काची घडी बसलेली नव्हती. आपली चार व्हॅम्पायर विमानं त्या संध्याकाळी गेली आणि धुळीत, मावळत्या उजेडात, आपल्याच काही रणगाड्यांवर आपल्या विमानांचा मारा झाला. शत्रूला धक्का बसला हेही खरं. पण ती संध्याकाळ आठवली की मला माझे उलटे आकडे आठवतात.

पूर्वेकडे, आजच्या बांगलादेशात, १९७१ मध्ये हीच दोन दलं किती जवळ आलेली होती! मेघना नदीवरचा पूल शत्रूने उडवला, तर हेलिकॉप्टरांनी जवानांना नदीपार नेलं. टांगाईलला ११ डिसेंबरला छत्रीधारी उतरले. सहा वर्षांत केवढा फरक पडला तो बघा.

आणि खास आपल्या मातीतला देखावा हवा असेल तर दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीला चला. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. दोन्ही काठांना उंच मातीचे बांध आणि जर्मन सैनिक त्या बांधांच्या पोटात बिळं करून बसलेले. त्या दुपारी दोस्तांच्या ८०० हून जास्त अवजड बॉम्बफेकी विमानांनी मारा केला. काही बॉम्ब अलीकडे पडून पोलंडचे, म्हणजे आपल्याच बाजूचे, सैनिक मेले. शेवटच्या फेरीत विमानांनी बॉम्ब टाकलेच नाहीत, नुसती खोटी झेप घेतली. शत्रूची डोकी खाली राहावीत आणि तेवढ्यात पायदळाने नदीत उतरावं म्हणून. एवढं होऊनही बांधातल्या मशीनगन जिवंत निघाल्या. मराठा लाइट इन्फंट्रीची कंपनी त्यांच्या तोंडी सापडली. कंपनीचा निरोप्या होता नगर जिल्ह्यातला शिपाई नामदेव जाधव. त्याने दोन जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे आणलं. मग परत जाऊन एकट्याने मशीनगनची ठाणी मारली. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून हातबॉम्ब वापरले. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि उरलेल्या कंपन्यांना हाताने इशारा केला, या. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एवढी विमानं येऊन गेल्यावर बांधावर उभा राहून हात हलवणारा तो एकटा माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. विमान दाखवाच, ते तर मुलांना हवंच असतं. पण डोंगराच्या पायथ्याशी एका दगडाआड सेट घेऊन बसलेला एक माणूस ठेवा आणि विमान येण्याआधी त्याच्यावर दिवा पाडा. स्फोटाचा आवाज कमी करून त्याच्या तोंडची पाच-सहा वाक्यं ऐकवा: नाला दिसतो का, झाड दिसतं का. स्फोट आणि आपले जवान यांच्यात अंतर ठेवा, आणि जवानांच्या पुढे जमिनीवर नारंगी पट्टी. विमान निघून गेल्यावर लगेच झेंडा लावू नका. काही क्षण अंधार ठेवा, दोरावर चढणारी माणसं दाखवा, मग झेंडा. निवेदनात तारखा सांगा. दोन मिनिटं जास्त लागतील, रांग थोडी थांबेल. आपले ठाणेकर थांबतात.

कोलशेतला हवाई दलाचं केंद्र आहे, येऊरच्या डोंगरावर आहे. तिथल्या जवानांची कुटुंबं आपल्याच मंडपात दर्शनाला येतात. आपल्या चाळीत, सोसायटीत पायदळातून, तोफखान्यातून, सिग्नलमधून निवृत्त झालेली माणसं आहेत. कुणी आता सुरक्षारक्षक आहे, कुणी रिक्षा चालवतो. देखाव्याचं निवेदन लिहिण्याआधी त्यांच्यातल्या एकाला बैठकीला बोलवा. ते आपणहून सांगायला येणार नाहीत, मीही त्या दिवशी "छान" म्हणूनच गेलो होतो.

मला बोलावलंत तर संध्याकाळी कुठल्याही मंडळाच्या मंडपात येईन, कोपरीपासून घोडबंदरपर्यंत. मानधन नको, चहा चालेल. नारंगी कापड मी घेऊन ठेवलं आहे, जांभळी नाक्यावरून, पाच मीटर. एका देखाव्याला दीड मीटर पुरतं. तेव्हा तीन मंडळांची सोय आत्ताच झालेली आहे, पुढच्यांसाठी आणखी आणतो.

आपला,
एक निवृत्त हवालदार, तोफखाना
कळवा, ठाणे